देवळाची मागची भिंत

आबा गेले. आता ती भिंतपण जाणार.

आबा म्हणजे आमच्याकडचे चुन्यात काम करणारे एकच उरलेले गवंडी. संगमेश्वरच्या अलीकडे नदीकाठचं जुनं दगडी देऊळ सरकारने दुरुस्तीला घेतलं, तेव्हापासून मी त्यांच्या हाताखाली. अकरा वर्षं चुना मळला.

गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी. मळायचं, झाकून ठेवायचं, परत मळायचं.
मग आबा करणीवर, म्हणजे गवंड्याच्या थापीवर, चुन्याचा गोळा घेऊन करणी उलटी करायचे. गोळा चिकटून राहिला तर चुना तयार. पडला की म्हणायचे, "अजून मळ गो."

मी वैतागायचे. "आबा, सिमेंट एका दिवसात सुकतं. तुमचं काय बाळंतपण आहे?"
"बाळंतपणच हाय. घाई करशील तर रडशील."

रडतेय.

गेल्या महाशिवरात्रीला आबा आजारी, मुलीकडे रत्नागिरीत. मुंबईकर मंडळी गावात आली. त्यांना मागच्या भिंतीला ओल दिसली. चांगल्या मनानेच केलं त्यांनी. सांधे सिमेंटने भरले, वरून पिवळा ऑइलपेंट.

आणि घमेली कोणी वाहिली?
मी.
"वहिनी, तुम्हाला यातलं कळतं" म्हणाले, तर मी लगेच पदर खोचला. फोटोपण टाकलेला इथेच. तुम्ही सगळ्यांनी लाईक केलात.

आबा आले. भिंतीवर हात ठेवून उभे राहिले.
"तू होतीस ना गो?"
"होते."
"पाणी आत शिरणारच. भायेर यायची वाट बुजवलीस तू."

ओरडले असते तर बरं झालं असतं.

पावसात भिंतीला पोट सुटलं. सिमेंट काढायला छिन्नी लावली तर दगडाची कडच हातात आली. मी थांबले. सरकारी ऑफिसात गेले. परमिशन वरून येईल म्हणाले.
भिंत कुठे थांबतेय परमिशनसाठी.

आबा परत आजारी पडले. परवा डब्यात चुना घालून हॉस्पिटलात नेला. आबांनी दोन बोटांत चोळला. डोळे मिटलेलेच.
"अजून मळ."
किती, ते मी विचारलं नाही. नर्स बाहेर काढत होती.

आज त्यांना नेलं. आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत. मी देवळामागे गेले. मळला. करणी उलटी केली.

पडला.

खाली नुसतं आरआयपी टाकू नका. चुन्याचं काम येणारं कोणी माहीत असेल तर सांगा.

आबा, माफी मागायलापण तुम्ही नाही. इथूनच नमस्कार करते. तेवढाच घ्या.