वखारीपुढचा मोकळा रस्ता

निपाणीकरांनो, आत्ताच सुनावणीतून आलोय. डोकं अजून तापलेलंच हाय.

आमच्या गल्लीपुढची जुनी तंबाखूची वखार पाडून तिथं मॉल करायचाय. त्यासाठी जागा व्यापारी वापरात घालायची मागणी हाय. समोर मुलींची शाळा. शाळा सुटली की आधीच तिथं सायकल सरकत न्हाय, म्हणून शेजारच्या आप्पांनी हरकत घेतलेली.

बिल्डरचा माणूस टाय-बिय लावून उठला. म्हणाला, "आम्ही गाड्या मोजल्या. रस्ता रिकामाच असतो." आणि पडद्यावर फोटो टाकला.

रस्त्यावर कुत्रंसुद्धा न्हाय. मधोमध खुर्ची टाकून बसलेत ते आमचे आप्पाच!

फोटो सीमाप्रश्नाच्या बंदचा होता. ह्या शहाण्यांना गाड्या मोजायला वर्षात तोच दिवस गावला.

आप्पा ओरडले, "साहेब, त्या दिवशी बंद होता! आम्हीच एक गाडी सोडली न्हवती!"

सुनावणी घेणारे साहेब हसत म्हणाले, "मग काळजी कशाला आप्पा? शाळा सुटायच्या वेळी रोज बंद करा की."

सगळा हॉल हसला. त्या बंदला आप्पांच्या शेजारी बसून घोषणा देणारे सगळ्यात मोठ्यांदा हसले. त्यातल्या दोघांनी मॉलमध्ये गाळे बुक केलेत.

हरकत फेटाळून साहेब चहाला गेले. आप्पा पडद्यावरच्या स्वतःकडं बघत उभेच.

पुढच्या बंदला हेच लोक तुमच्या दुकानाचं शटर खाली ओढायला येतील. तवा त्यांना काय म्हणणार?