माझा उपवास आणि आक्कांचा फराळ

मला प्रार्थना येते, असा माझा पक्का समज होता. चर्चमध्ये पाळकसाहेबांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं की मी उभा राहायचो आणि राज्यकर्ते, रोगी, प्रवासी, विधवा सगळ्यांना एका दमात देवाच्या हवाली करायचो. मागच्या बाकावरचे म्हातारे तेवढ्यात एक डुलकी काढून घेत. घरी एकट्यानं गुडघे टेकले, की मात्र एक शब्द सुचत नसे. मग चर्चमध्ये मी बोलतो ते नेमकं कुणाशी? हा प्रश्न मला छळू लागला. त्यात मी शाळेत विज्ञान शिकवणारा. प्रश्न पडला की प्रयोग करून बघायची खोड.

मध्यभारत नावाचं वेगळं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. इंदूरला छावणी भागात मी आणि माझी बायको सरला दीड खोलीत राहत होतो. लेंट, म्हणजे ईस्टरच्या आधीचा आमचा उपवासाचा काळ, जवळ आला तेव्हा मी ठरवलं, या खेपेला प्रार्थना किती खोल जाते ते पाहायचंच. पाळकसाहेब म्हणाले, दार लावून एकांतात बसा, दुपारचं जेवण सोडा, आणि भूक लागली की देवाची आठवण करा. दीड खोलीत एकांत कुठून आणायचा? मी कोळशाच्या कोठडीत शिरलो. पहिल्याच सकाळी 'आमेन' म्हणताना एक पोतं अंगावर कलंडलं आणि मी कपाळाला काळं लागलेलं तसाच शाळेत गेलो. नेमका राखेचा बुधवार होता, लेंटचा पहिला दिवस, त्या दिवशी कपाळाला राख लावायची रीत आहे. मुलांना वाटलं, आमच्या धर्मात असंच असेल.

शाळा सकाळची असल्यामुळे दुपारी मी घरी असे. माझा उपवास आळीभर गाजला. खरं म्हणजे मीच तो गाजवला. शेजारी आक्का राहत. यजमान होळकर दरबारात कारकून होते, ते गेल्यापासून एकट्याच. सोवळ्याच्या फार कडक, आमच्या घरचं पाणीसुद्धा कधी घेतलं नव्हतं, पण आमच्यावर जीव होता. मास्तरांचा उपवास आहे हे कळल्याबरोबर दुपारी थाळी हजर. साबुदाण्याची खिचडी, वर तुपाची धार, बाजूला दही आणि रताळ्याचा कीस.

मी म्हणालो, "आक्का, आमच्यात उपवासाला खात नाहीत."

"अहो मग उपवासाला खातात तरी काय?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं.

शेजारधर्म मोडणं बरं नाही, असं मी देवाला समजावलं आणि पाटावर बसलो. त्यानंतर रोज दुपारी थाळी येत गेली. कधी भगर, कधी राजगिऱ्याच्या पुऱ्या. होळी येईतो कोठडीत गुडघे टेकताना पोट आडवं यायला लागलं. सरला म्हणायची, "प्रभू येशू चाळीस दिवस उपवासाला रानात गेले. तुम्ही आक्कांच्या स्वयंपाकघरात गेलात."

रंगपंचमीच्या सुमारास तिला ताप आला आणि तो उतरेचना. दवाखान्यात ठेवावं लागलं. विषमज्वर. एका दुपारी डॉक्टरीणबाईंनी मला व्हरांड्यात बोलावलं आणि म्हणाल्या, ताप आज उतरायला हवा, नाही उतरला तर मन घट्ट करा. मग त्यांनीच मला चादरी आणायला घरी पाठवलं.

घरी येऊन मी कोठडीत शिरलो, दार लावलं. इतकी वर्षं गावाच्या सुखासाठी घडाघडा मागणारा मी. तोंडातून फक्त "सरला" एवढंच कसंबसं निघालं आणि पुढे सगळं कोरडं. आणि काय सांगू, त्या अवस्थेतही माझा एक कान दाराकडे होता. थाळीची वेळ झाली होती. भूक नव्हती, तरी कान वाट बघत होता. थाळी आली नाही. आधी राग आला, मग भीती वाटली. उठून पलीकडे गेलो.

चूल थंड होती. आक्का देवापुढे भिंतीला टेकून बसल्या होत्या, ओठ सुकलेले.

"माफ करा मास्तरजी, आज तुमची थाळी नाही झाली. उभं राहवेना."

परवापासून त्यांच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. काल माझ्यासाठी खिचडी केली तीसुद्धा तशाच.

"सरलेसाठी धरलाय," त्या म्हणाल्या. "तुम्ही मागताच आहात तुमच्या देवाकडे. म्हटलं, एकट्या माणसानं किती मागायचं? जरा हातभार लावावा."

मी उंबऱ्याशी बसलो. म्हणालो, "आक्का, मला काही मागताच येत नाहीये."

"मग नका मागू. बसा नुसते. त्याला काय तुमचं भाषण ऐकायचंय?"

तसे आम्ही बसलो. त्या त्यांच्या देवापुढे, मी उंबऱ्यावर. अंगणातलं ऊन तुळशीवरून सरकत भिंतीवर चढलं. मी काही बोललो नाही, काही मागितलं नाही. रिकाम्या डब्यासारखा बसून होतो, आणि तरी एकटा नव्हतो. कोण होतं, ते मला सांगता यायचं नाही.

चादरी घेऊन दवाखान्यात पोचलो तर सरला उशीला टेकून लिंबूपाणी मागत होती. अंग घामानं भिजलेलं, ताप उतरणीला. नेमका कधीपासून उतरू लागला, हा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. विज्ञानाच्या मास्तरानं तो विचारायलाच हवा. मी तो गिळला. आजवर विचारला नाही.

येताना दवाखान्याच्या फाटकाजवळच्या गाड्यावरून संत्री घेतली. दिवेलागणीला आक्कांना बातमी सांगितली, संत्रं सोलून पुढे केलं. फळाला विटाळ नसतो, एवढं मला ठाऊक होतं. त्यांनी दोन फोडी खाल्ल्या आणि म्हणाल्या, "पाणी द्या. तुमच्या माठातलं आणा, गार असतं."

मी तांब्या आणला. आणि हात पुढे करता करता माझी खोड उफाळलीच. "आक्का, सोवळं?"

"मास्तरजी, तुम्ही प्रश्न फार विचारता," त्या म्हणाल्या आणि घटाघटा प्यायल्या.

सरला ईस्टरला घरी आली. मी अजूनही दर लेंटला कोठडीत जाऊन बसतो. शब्द आले तर आले, नाही तर नुसता बसतो. माझ्या वाटचं कुणीतरी मागून ठेवलंय, या आभारातच पुष्कळ वेळ जातो. पाळकसाहेबांचं बाकी सगळं ऐकतो. दार मात्र आता पुरतं लावत नाही.