सोपानभाऊजी तेव्हा उतरले नाहीत

सोपानभाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिरूरच्या आमच्या घराच्या गच्चीवर शेंगा वाळत घालत होते. फोन शिक्रापूरहून होता, त्यांच्या बायकोचा, म्हणजे माझी धाकटी जाऊ मंदा हिचा. ती रडत नव्हती. "ताई, हे गेले. चहा पिऊन उठले, पायात चप्पल घातली आन् खाली बसले... ते बसलेच," एवढंच म्हणाली. माझे यजमान बबनराव कांदा घेऊन मार्केट यार्डात गेले होते. मी रिक्षा करून तिथं गेले. ढिगाशेजारी ते उकिडवे बसले होते. मी सांगितलं. त्यांनी शेजारच्या शेतकऱ्याला "माल बघा जरा" म्हटलं, टोपी सारखी केली आणि चालू लागले. शिक्रापूरपर्यंत आमची गाडी ट्रकच्या रांगेतून सरकत होती. सबंध वाटेत ते एकदाच बोलले. "आपण जाईस्तवर थांबतील न्हवं?" सख्ख्या धाकट्या भावाच्या अंत्यविधीला निघालेल्या माणसानं हाच प्रश्न का विचारावा, ते मला माहीत होतं. त्याला आता दोन महिने होत आले. लिहिता येईल, असं आता वाटतं.

आमच्या घरची माणसं सासऱ्यांच्या पिढीपर्यंत मेंढरांमागं फिरणारी. घोडनदीचं पाणी शेताला आलं आणि घर एका जागी बसलं. पण मेंढरं लगेच सुटली नाहीत. बबनरावांनी शाळा सोडून ती राखली आणि धाकट्या सोपानला शिरूरला शिकायला ठेवलं. त्याचा मोठेपणा त्यांनी कधी मिरवला नाही, आणि सोपानभाऊजी तो कधी विसरले नाहीत. भाऊजी पोहायला शिकले ते पाठीला वाळका भोपळा बांधून, विहिरीत. समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता. नौदलाची भरती आहे हे कुणाकडून तरी कळलं आणि ते जाऊन उभे राहिले, इतकं साधं होतं ते. निवड झाल्याचं सांगितलं तेव्हा सासूबाईंनी, ज्यांना मी आत्याबाई म्हणत असे, एकच विचारलं, "तिथं पानी किती खोल असतंय?" भाऊजी म्हणाले, "तळ लागत न्हाई, आई." "मग जाऊ नगं," त्या म्हणाल्या आणि भाकरी थापायला बसल्या. ते गेलेच. कुणाचं ऐकायचं असं स्वतः ठरवलं तरच ऐकायचे. हट्टी होते, जेवताना घाई करायचे, घरात हुकूम सोडायचे. गेलेल्या माणसाबद्दल सगळं गोडच लिहिलं तर तो माणूस ओळखू येत नाही.

मी शिरूरच्या एसटी आगारात चौकशीच्या खिडकीवर नोकरी केली. कुठली गाडी कुठं पोहोचली, ते दिवसभर लोकांना सांगत बसायचे. पण मंदा खिडकीशी येऊन "ताई, ह्यांचं जहाज कुठं असंल?" असं विचारायची, तेव्हा माझ्याकडं उत्तर नसे. नौदलाची जहाजं कुठं आहेत ते घरच्यांनाही सांगत नाहीत. रजेवर आले की भाऊजी मागचं थोडंथोडं सांगत. गावाची समजूत अशी, की नौदल म्हणजे तोफा आणि लढाई. एकदा अंगणात आत्याबाईंनी विचारलं, "आरं, तुमी तिथं दिसभर करता काय?" भाऊजींनी फार छान सांगितलं. म्हणाले, "राखण करतो, आई. व्यापाराची जहाजं लांबलांबच्या देशांतनं येत्यात. एडनच्या आखातात ती एका जागी गोळा व्हत्यात. मग त्यांना रांगेत घालून पार न्यायची, मेंढरं अरुंद वगळीतनं, ओढ्याच्या घळीतनं न्यावी तशी. जहाज कुणाच्या देशाचं, ते बघायचं न्हाई." आत्याबाईंना पटकन कळलं. "लांडगं असत्यात का तिथं?" "असत्यात की. बारक्या होड्यांतनं येत्यात. आमचं जहाज दिसलं की भायेरच्या भायेर फिरत्यात." त्या दिवसापासून आत्याबाई कुणीही विचारलं की सांगत, "माझा धाकला बी मेंढरंच राखतोय, पान्यातली." कधी भाऊजी वादळानं उद्ध्वस्त झालेल्या बेटावर प्यायचं पाणी आणि तांदूळ पोहोचवून आलेले असत, कधी दुसऱ्या कुठल्या देशाच्या किनाऱ्यालगत समुद्राची खोली मोजून. लढाई त्यांनी एकही केली नाही. पण घरी असण्यापेक्षा नसण्याचेच महिने जास्त.

अशाच एका फेरीत ते लांब असताना आत्याबाई गेल्या. दुपारी शेतातून आल्या, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत गेल्या. अडचणीला म्हणून नौदलानं एक फोन नंबर दिलेला होता. मीच तो आगारातून लावला. समोरच्या माणसानं शांतपणे सगळं विचारून घेतलं आणि निरोप जहाजावर पोहोचवतो म्हणाला. अंत्यविधीला भाऊजी पोहोचणार नाहीत हे सगळ्यांनी धरलंच होतं. दहाव्याला तरी येतील, अशी आशा होती. निरोप आला, येता येत नाही. दहाव्याला घोडनदीच्या काठी पिंड मांडला, आणि कावळा शिवेना. ऊन चढलं. बबनरावांनी हात जोडून जे जे कबूल करायचं ते केलं. मग मागून कुणीतरी म्हणालं, "धाकल्याची वाट बघतीया म्हातारी." शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि लोक पांगले. बबनराव मात्र नदीवरून उठायला तयार नव्हते...

भाऊजी आले ते बऱ्याच दिवसांनी. आत्याबाईंच्या फोटोसमोर बसले. बबनराव समोरून उठून गोठ्यात गेले. भांडण झालं नाही, झालं असतं तर बरं झालं असतं. बबनराव भावाशी बोलायचेच थांबले. पुढची काही वर्षं दिवाळीला भाऊजी आले की ह्यांना शेतात काम निघायचं. भाऊजींनीही कधी काही समजावून सांगितलं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "वहिनी, दादांनी इचारलं तर सांगंन." दोघेही एकाच आईचे, दुसरं काय म्हणणार.

भाऊजींची निवृत्ती जवळ आली तेव्हा त्यांनी आम्हाला मुंबईला बोलावलं. नौदल कधीकधी घरच्या माणसांना एका दिवसापुरतं जहाजावर घेऊन समुद्रात नेतं आणि आपलं काम दाखवतं. बबनराव नाही म्हणाले. मी म्हटलं, मग मी एकटी जाते. तेव्हा आले. बरोबर ठेचा, भाकरी घेतल्या, त्या कुणासाठी हे बोलले नाहीत. जहाज निघालं, किनारा पुसत गेला. बबनरावांनी कठडा दोन्ही हातांनी धरला होता. चहूकडं पाणी झाल्यावर ते माझ्या कानाशी म्हणाले, "हितनं मानसानं उतरायचं म्हनलं तर उतरनार कसा?" मला वाटलं, चला, इतक्या वर्षांचं आता आपोआप सुटतंय.

तेवढ्यात एक रुंद, राखाडी जहाज आमच्या शेजारी आलं. ते तेलाचं. दोन्ही जहाजं एकमेकांना समांतर धावू लागली, मध्ये एवढंच पाणी की पलीकडच्या खलाशाच्या मिशा दिसाव्यात. बंदुकीसारख्या एका यंत्रातून पातळ दोरी इकडून तिकडं उडाली, तिच्यामागून जाड दोर गेला, मग तेलाची नळी. भाऊजी आमच्याजवळ उभं राहून सांगत होते. "दोघांनी एकाच चालीनं जायचं. थांबायचं न्हाई. असं चालता चालता तेल घेतलं, सामान घेतलं, की महिनोन्महिने बंदराला लागावं लागत न्हाई. जगात कुठंबी ऱ्हाता येतं." मग त्या दोरावर एक खुर्ची अडकवली. एक खलाशी तिच्यात बसला आणि पाण्यावर पाय लोंबकळत या जहाजावरून त्या जहाजावर गेला. पोरंबाळं टाळ्या वाजवू लागली. बबनरावांनी मान वळवली.

"सोपाना, मानूस बी जातो व्हय असा?"

"जातो."

"आई गेली... तवा आलं हुतं का असं जहाज?"

मी भाऊजींकडं पाहत होते. 'नाही' म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. तपासायला कोण जाणार होतं?

"आलं हुतं, दादा. दुसऱ्याच दिशी. कप्तानसाहेब म्हनले, जा. त्या जहाजानं बंदर, तिथनं इमान. दहाव्याला पोचलो असतो. मीच न्हाई आलो."

वारा इतका होता की पुढचं त्यांना मोठ्यानं सांगावं लागलं. त्याच दिवशी जहाजाला हुकूम आला होता, व्यापारी जहाजांची राखण सोडा आणि अमुक बंदराकडं निघा. तिथं देशातल्या देशात लढाई पेटली होती, धक्क्यावर गोळे पडत होते, आणि आपली माणसं, बायकापोरांसकट, निघायची वाट बघत होती. मोठं जहाज आत नेता येत नव्हतं. ते बाहेर उभं करायचं आणि लहान बोटींनी माणसं आणायची. अशा लाटेत बोट चालवणारे जहाजावर दोघंच, आणि त्यातला एक तापानं फणफणलेला. दुसरे भाऊजी.

"आई गेली हुती, दादा. ती मानसं जित्ती हुती."

बबनराव पाण्याकडं बघत राहिले. तेलाचं जहाज दोर सोडून बाजूला झालं, तरी बघत राहिले.

"सगळी आपलीच हुती?"

"आपली हुती, दुसऱ्या देशांची बी हुती. बोटीत घेताना कुनी इचारलं न्हाई."

"म्हाताऱ्या हुत्या त्यात?"

"हुत्या. एकीला जहाजाची शिडी चढवंना. तिला पाठीवर बांधून वर आनली. आईसारखीच हलकी हुती..."

"मला तवाच सांगायचं हुतंस."

"तुमी बोलत कुठं हुता?"

त्या क्षणी सगळं विसरलं गेलं, असं मी म्हणणार नाही. परतताना बबनरावांनी फडकं सोडलं, भाकरीचा अर्धा तुकडा भावापुढं धरला आणि म्हणाले, "चुकलास, आसं मला आजून वाटतंय. पन खोटं न्हाई बोललास." भाऊजींनी भाकरी घेतली. दोघं कठड्याला पाठ लावून खाली बसून जेवले. घरी परतल्यावर बबनराव एकटेच नदीवर जाऊन आले. तिथं काय केलं, ते मी विचारलं नाही.

निवृत्तीनंतर भाऊजींनी शिक्रापुरात हमरस्त्याला लागून दोन खोल्या बांधल्या आणि एका कारखान्यात आग विझवण्याच्या विभागात काम धरलं. बबनराव महिन्यातून एकदा तिकडं जाऊ लागले. दोघं फार बोलायचे असं नाही, चहा घ्यायचे, रस्त्यावरची वाहनं बघत बसायचे. एकाचं मत बदललं नाही आणि दुसऱ्यानं माफी मागितली नाही. तरीही ते भेटत राहिले.

भाऊजींचं सगळं उरकल्यावर मंदाला सोबत म्हणून आम्ही काही दिवस त्या घरात राहिलो. स्वयंपाकघर मी तेव्हा प्रथमच नीट पाहिलं. प्रत्येक फळीला पुढून लाकडी पट्टी ठोकलेली, डबे त्या पट्टीआड. सिलिंडर दोरानं भिंतीला बांधलेला. कप एकही फळीवर नाही, सगळे हुकांना टांगलेले. मंदा म्हणाली, "सुरवातीला मी लई भांडले, ताई. म्हनलं, हे घर हाय, जहाज न्हाई. म्हनायचे, हलनार न्हाई कशावरनं?" खरंच, बाहेरून जड ट्रक गेला की जमीन बारीक थरथरे, टांगलेले कप एकदम झुलत आणि एकही वाजत नसे. निघायच्या दिवशी मंदानं चहा केला. बबनराव घरी कप जिथं बसतील तिथंच ठेवणारे. त्यांनी चहा संपवला, उठून मोरीत कप विसळला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि रिकामा हुक शोधून त्याला अडकवला. मग बाहेरून एक ट्रक आला, तो जाईपर्यंत त्या कपावर हात ठेवून उभे राहिले.