वाळलेल्या गवताचा नकाशा

चष्मा कपाळावर सरकवून त्या म्हणायच्या, "हिरवं राहू द्या हो. वाळलंय कुठे, ते आधी बघू."

आमच्या शहाद्याच्या घराची वरची खोली त्यांनी एका हिवाळ्यापुरती भाड्याने घेतली होती. पक्ष्यांच्या अभ्यासक, आम्ही मॅडम म्हणायचो. मी कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब लिहिणारा. न कळलेल्या गोष्टीला मान डोलावणं मला जमत नाही. त्या उपग्रहाच्या मदतीने पाखरं शोधतात हे ऐकून पहिल्याच दिवशी विचारलं, "उपग्रहाला एवढ्या वरून पाखरं दिसतात?"

"पाखरं नाही दिसत. गवत दिसतं."

त्यांना भोवत्या हवा होता. थंडीत उत्तरेकडून येणारा हा शिकारी पक्षी तुम्हीही पाहिला असेल; कपाशीच्या अगदी वरून, पंख उचलून तरंगत जातो. दिवसभर कुठेही फिरले, तरी संध्याकाळी हे पक्षी एका माळावर जमतात आणि गुडघाभर वाळल्या गवतात जमिनीवरच झोपतात. उपग्रह त्याच जमिनीवरून पुन्हा पुन्हा जातो आणि तिचा हिरवेपणा मोजतो. ऊस हिरवाच राहतो, पपईही. पावसात हिरवी होऊन दिवाळीनंतर पिवळी पडणारी जमीन मॅडम शोधत होत्या.

घाई होती. गायरानांवर झाडं लावायचं घाटत होतं. खड्डे खणले की गवत गेलं, आणि पाखरांची झोपायची जागाही.

पहिली जागा निघाली नंदुरबारजवळ. माझ्या मोटारसायकलवर पोचलो, तर जमीन लालभडक. मिरचीची पथारी! पावसाळ्यात तिथे गवत माजतं. मग मैदान साफ करून ओली मिरची वाळत घालतात. आम्ही शिंकून बेजार. मिरच्या उलटवणारी एक बाई नाकाला पदर लावून म्हणाली, "ताई, तुन्हा पाखरं मिरच्या खातस का व?"

बायका खिदळल्या. मॅडमही डोळे पुसत हसल्या. घरी येऊन त्यांनी नकाशावरच्या त्या ठिपक्यावर ठसठशीत अक्षरांत 'मिरची' लिहिलं आणि मला आलेख दाखवला. "इथे हिरवेपणा एकदम कोसळलाय. गवत असं नाही करत, ते हळूहळू वाळतं. हे मला आधीच दिसायला हवं होतं."

त्या एका फरकावर त्यांनी सगळा नकाशा पुन्हा चाळला. ब्राह्मणपुरीच्या पुढच्या एका गावचं गायरान उरलं. तिथून त्या गवतात पडलेल्या राखाडी गोळ्या घेऊन आल्या आणि आमच्या ओट्यावर फोडू लागल्या. आत नाकतोड्यांचे पाय. भोवत्याला पचत नाही ते तो असं बाहेर टाकतो.

"म्हणजे ओकारी?" आमची सौ. किंचाळली. "आणि माझ्या बशीत?"

"धुऊन देते हो वहिनी. पण पाय बघा, किती सुंदर!"

त्याच आठवड्यात त्या गावची ग्रामसभा होती. मीही गेलो. मॅडमनी गायरानावर झाडं नकोत म्हटल्यावर एक जण उसळला, "पाखरंसाठे झाडं नको? हाई तं उलटंच शे!"

"ही पाखरं झाडावर झोपत नाहीत, दादा."

सरपंचांनी विचारलं, "तुमना उपग्रह चुकस नही का?"

मला वाटलं, आता सावरून बोलतील. पण त्या म्हणाल्या, "उपग्रह नाही, मी चुकते. मागच्या खेपेला मिरचीच्या पथारीवर जाऊन शिंकत बसले होते."

सभा खो खो हसली. सरपंच उठले. "चाला मंग, दखाडा."

आख्खी सभा माळाच्या कडेला येऊन बसली. सूर्य बुडाला तरी काही नाही. मागून कोणी पुटपुटलं, "आठे बी मिरचीच शे वाटस." मॅडम दुर्बिणीतून माळ चाळत राहिल्या. मग एक पक्षी आला. गवतावरून फेऱ्या घातल्या आणि दिसेनासा झाला. पाठोपाठ दुसरा. मग चारी दिशांनी येतच राहिले. मी मोजायला घेतले आणि मोजणं सुटलं.

सरपंच हळूच म्हणाले, "झाडं नालाना काठे लावूत."

होळीच्या आधी पाखरं गेली, मॅडमही. यंदा कुठल्यातरी लांबच्या जिल्ह्यात त्यांचं काम चालू आहे. परवा संध्याकाळी मी एकटाच माळावर गेलो आणि त्यांना फोन लावला. "आलीत," म्हटलं.

"बोलू नका. फोन तसाच धरा."

भोवत्या काही आवाज करत नाही. ऐकू येण्यासारखं होतं ते वाऱ्यावरचं वाळलेलं गवत. अंधार पडेपर्यंत मी फोन त्या दिशेला धरून उभा होतो, आणि पलीकडून त्यांनी तो ठेवला नाही.