येळवशीची भज्जी

मी लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात गृहविज्ञान शिकवते. पालेभाज्या हा माझा आवडता धडा. पानांतला चोथा आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंच्या कसा कामी येतो, भाज्याफळांना रंग देणारी द्रव्यं रक्तवाहिन्यांना कशी जपतात, हे मी इतक्या तावातावाने सांगते की पोरी डब्यातली भाजी मुद्दाम मला दाखवायला आणतात. घरीही मला गप्प बसवत नाही. त्याचा सगळ्यात जास्त ताप माझ्या मायला.

माय उदगीरजवळच्या गावात माझ्या भावाकडे राहते. दोन वर्षांपूर्वी तिच्या हृदयात धातूची झडप बसवली. तेव्हापासून रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रोज एक गोळी आणि महिन्याला रक्ताची तपासणी. नांदेडच्या दवाखान्यातून सुट्टी देताना डॉक्टर म्हणाले होते, "पालेभाज्या आता जेवढ्या खाता तेवढ्याच खा. एकदम वाढवू नका, एकदम सोडूही नका." सांगत मायला होते, पण बघत माझ्याकडे होते. मी मान डोलावली. मनात म्हटलं, मला काय सांगता, मी हेच तर शिकवते. खरं म्हणजे हे मी शिकवतच नव्हते. पाल्यात के जीवनसत्त्व असतं आणि ते रक्त गोठायला मदत करतं, एवढी एक ओळ आमच्या पुस्तकात आहे. त्या ओळीचा आणि मायच्या गोळीचा संबंध काही माझ्या डोक्यात आला नाही.

माय पाल्याची शौकीन कधीच नव्हती. भाकरी, वरण, शेंगदाण्याची चटणी झालं की तिचं जेवण झालं. पोट साफ होत नाही ही मात्र रोजची कुरकुर. भाजी खा म्हटलं की म्हणायची, "मी काय शेरडी हाव का गं?"

आमच्याकडे वेळ अमावस्येला, म्हणजे येळवशीला, अख्खं गाव शेतात जेवतं. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, मेथी, चाकवत, कांद्याची पात, हाताला लागेल तो पाला बेसनात शिजवून भज्जी करतात. ती एका दिवसात संपत नाही. भावकीतून डबे येत राहतात, आणि शिळी भज्जी जास्त चवीची म्हणून लोक पुढचे कितीतरी दिवस तीच गरम करून खातात. मागच्या येळवशीला कॉलेजात परीक्षा होती म्हणून मी गेले नाही. तिसऱ्या दिवशी मायचा फोन आला.

"बाई, भज्जी लई हाय घरात. दोन्ही टायमाला तीच खाऊन राहिले. पोट बी साफ होतंय. पर त्यो डाक्टर पाल्याचं कायतरी बोलला व्हता न्हाई का? चालतंय का मला?"

मला हसू आलं. इतकी वर्षं कंठशोष केला तेव्हा ऐकलं नाही, आणि आता गोडी लागली तर शंका! मी म्हणाले, "माय, बिनधास्त खा. भज्जी संपली की मेथी, चाकवत चालू ठेव. हृदयाला त्याच्यासारखं औषध नाही."

"आन् तपासणी? सोमवारी हाय."

"परीक्षा संपली की मी येते, तेव्हा जाऊ."

"तू म्हणतीस तर खाते," ती म्हणाली.

त्यानंतर दहाव्या दिवशी सकाळी भावाचा फोन आला. मायचं तोंड वाकडं झालं होतं, उजवा हात उचलत नव्हता. मी दवाखान्यात पोचले तेव्हा ती डोळे उघडे ठेवून पडली होती. सगळं ऐकू येत होतं, कळत होतं, फक्त शब्द फुटत नव्हता. डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला. गोळीचा असर जवळजवळ उतरला होता. झडपेवर गुठळी होऊन तिचा तुकडा मेंदूत गेला असावा, असं ते म्हणाले. मग विचारलं, "खाण्यात काही बदल?"

"न्हाई साहेब," भाऊ म्हणाला. "उलट चांगलंच खाऊन राहिली. रोज भज्जी, पालेभाजी."

डॉक्टरांनी त्याला पाल्याचं आणि गोळीचं गणित समजावलं. मला कोणी काही समजावलं नाही, मी शिकलेली ना! ते गेल्यावर भाऊ माझ्याकडे वळला.

"तुला इचारलं न्हाई का गं मायनं? ती तर एक गोळी घ्यायची झाली तरी तुला फोन लावती."

"नाही," मी म्हणाले.

माय माझ्याकडे बघत होती. भाऊ पुन्हा काही विचारणार, तेवढ्यात तिने डावा हात उचलला आणि त्याच्या मनगटावर ठेवून हळूच दाबला. त्या क्षणी मला माझी जेवढी किळस आली तेवढी आयुष्यात कोणाची आली नाही. तरीही मी तोंड उघडलं नाही, आणि अजून उघडलेलं नाही.

आता मायला मी लातूरला आणलंय. जीभ काही वळत नाही, आणि वळेल असं डॉक्टरही म्हणत नाहीत. दोन्ही वेळा मीच भरवते. चमचा पुढे केला की त्यात काय आहे हे न बघताच ती तोंड उघडते.