नऊ माणसांसमोर सांगितलेली मजुरी

करीम मिस्त्री मजुरीचा आकडा कागदावर लिहून देत नाही. लातूरला औसा रस्त्यावर त्याचं पत्र्याचं गॅरेज आहे. गाड्यांचे पाटे, शॉकप, बुश, म्हणजे गाडीचे धक्के सोसणारा जेवढा भाग आहे तेवढाच तो बघतो. इंजिनाला हात लावत नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, कॉलेजच्या ऑफिसात हिशेबनीस, पुढच्या वर्षी निवृत्त होणार. लेखी आकडा न देणाऱ्या माणसाशी माझं जमण्याचं काही कारण नव्हतं. पण गेल्या जूनमध्ये चार दिवस असे गेले की अजून आठवले तरी मी खुर्चीत सरळ होऊन बसतो.

मी राहतो औशाला. रोज ग्यानोबाच्या जीपमधून लातूरला जातो. जूनमध्ये क्लास सुरू होणार होते आणि औशातल्या नऊ मुलींना रोज लातूरला नेऊन आणायचं काम निघालं होतं. वर्षभराचं काम! पण ग्यानोबाची जीप भरली की मागून बसायची आणि प्रत्येक खड्ड्याला प्रवाशांची डोकी टपाला लागायची. मुलींपैकी दोघी शंकरप्पा अडत्यांच्या. त्यांना स्वतःला कंबरदुखी, पट्टा बांधून हिंडतात. बाकीचे पालक त्यांच्या शब्दावर थांबलेले. त्यांनी बुधवारी सांगून टाकलं, "रविवारी मी स्वतः बसून बघणार. कंबर दुखली, तर पोरी नव्या व्हॅननं जातील."

ग्यानोबाजवळ साडेचार हजार होते. सामानालाच तीन हजार लागणार होते. मी म्हटलं, "घाई करू नको. तीन ठिकाणचे मजुरीचे कागद आण, मी तुलना करून देतो."

तो संध्याकाळीच हजर. "दोन आणलो बघा काका. करीम मिस्त्री लिहून देत न्हाई म्हणला."

एका कागदावर मजुरी अठ्ठावीसशे, दुसऱ्यावर एकतीसशे. मी तक्ता आखला, रकाने पाडले आणि तिथंच थांबलो. दोन्ही कागदांवर जीपच्या नंबरातल्या सातच्या आकड्याला मधोमध आडवी रेघ होती. अक्षर एकच, शाईही एकच.

"ग्यानोबा, हे दोन वेगळ्या गॅरेजांचे कागद आहेत?"

"न्हाई, एकाच ठिकाणचे. मालक म्हणला, कशाला उन्हात हिंडता, दुसराबी मीच देतो. ऑफिसात असंच चालतं म्हणे."

यावर मला रागावता येईना. अशी कागदांची किती जोडपी मी स्वतः फाइलला लावली असतील, ते मलाच ठाऊक. मी तक्ता फाडला, गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली (नऊ वर्षांतली पहिली) आणि जीपमधून थेट करीमकडे गेलो.

करीम पन्नाशीचा, सडपातळ, पांढरी दाढी आणि काळी नखं. त्यानं जीपभोवती एक फेरी मारली.

"रिकामी गाडी काय सांगनार, साब? भरून आना."

"भरून म्हणजे?"

"मानसं भरा! गाडी बसते ती मानसं बसल्यावर."

त्यानं समोरच्या चहाच्या गाड्याकडं बघून हाक दिली. लोकांना हे ठाऊक असावं. सहा जण कप हातात घेऊनच येऊन बसले. शेजारचा पंक्चरवाला बसला. भाजीवाली कमलम्मा टोपलीसकट चढली.

"टोपली खाली ठेव ना गं, कमलम्मा!"

"व्हय, आणि तू पळवशील वांगी. मापात घे तिलाबी!"

नववा मी. करीम चिखलात गुडघा टेकून चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये बोटं घालून मोजू लागला. "उजवीकडं तीन बोटं. डावीकडं एक! ग्यानबा, पान्याचा ड्रम डाव्या अंगाला ठेवतो काय रे रोज?"

ग्यानोबा ओशाळला. पाण्याचा ड्रम खरंच डावीकडं असायचा.

मग करीम उठला, हात पुसले आणि गाडीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलला, "एक पाटा वाढवा म्हननारे भेटतील. पाटा वाढवला की गाडी उचलेल, पन कंबर मोडेल. ह्याच पाट्यांना परत बाक द्यायचा. चार शॉकप नवे, बुश नवे. मजुरी बाराशे!"

मी मागच्या सीटवरून ओरडलो, "दुसरीकडं अठ्ठावीसशे सांगतात, ते कसे?" आणि कागद बाहेर काढून वाचला, "पाटे अकराशे, शॉकप आठशे, बुश नऊशे."

"चाक किती वेळा खोलनार, साब?"

"एकदाच."

"मग खोलायची मजुरी तीनदा कशी?"

गाडीत हशा उसळला. कमलम्मा म्हणाली, "शिकलेले हायत ते. एकेक कांदा तीनदा तोलतेत!" मीही हसलो. तीन रकान्यांत तोच खर्च तीनदा, आणि तो माझ्या नजरेतून सुटला होता!

चहा पिताना मी विचारलं, लिहून का देत नाही? करीमनं सांगितलं. भूकंपाच्या साली तो एका उस्तादाकडं कामाला होता. किल्लारीकडं पत्रे घेऊन निघालेल्या एका ट्रकचा पाटा इथंच तुटला. उस्तादानं ड्रायव्हरला चाकाआड नेलं आणि कानात आकडा सांगितला. ड्रायव्हरनं मनगटावरचं घड्याळ काढून दिलं. "तिकडं मानसं उघड्यावर, आन इकडं घड्याळ. महिनाभरात मी वेगळा झालो. तेव्हापासून मजुरी चार लोकांत सांगतो. मोठ्यानं बोललेला आकडा मागून वाढवता येत न्हाई, साब."

शुक्रवार, शनिवार जीप त्याच्याकडं होती. मी दोन्ही दिवस ऑफिस सुटल्यावर जाऊन उभा राहायचो. जुने बुश त्यानं पोत्यात बांधून ग्यानोबाच्या हवाली केले, मोजून.

रविवारी सकाळी औशाहून निघालो. शंकरप्पा मधल्या सीटवर, पट्टा बांधून, कपाळावर आठ्या. आम्ही आठ पालक-शेजारी बाकीच्या जागांवर. पाण्याचा ड्रम बरोबर मध्यभागी. पहिला खड्डा आला. जीप खाली गेली, अलगद वर आली, टपाला कुणाचंही डोकं लागलं नाही. पुलाजवळचे मोठे खड्डे आले, गेले. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. मागे वळून बघायचा धीर मात्र होईना, कारण शंकरप्पा एक अक्षर बोलत नव्हते.

करीमच्या गॅरेजसमोर ग्यानोबानं जीप उभी केली. करीमनं वाकून बोटं घातली. "इकडं तीन, तिकडं तीन." मग आत डोकावून तो हळूच हसला. शंकरप्पा मान टाकून गाढ झोपले होते.

जीप थांबल्यानं ते दचकून उठले. "का थांबली? बिघडली का?"

"न्हाई अण्णा. लातूर आलं."

"आणि पुलाजवळचे खड्डे?"

"झाले की मघाशीच."

शंकरप्पांनी कंबर चाचपली, पट्टा थोडा सैल केला. "उद्या सकाळी सहाला पोरींना न्यायला ये. उशीर करू नको."

ग्यानोबानं हॉर्न दाबला तो सोडेचना. चहाच्या गाड्यावरची माणसं उठून उभी राहिली, कमलम्मा धावत आली.

"बस कर रे!" करीम कानावर हात ठेवून ओरडला. "हॉर्न जळला तर माझ्याकडं आनू नको, ते काम मी करत न्हाई!"