स्थळ बघायला जाणारे बापूमामा

साहेब लोकांना एका खुर्चीवरून उठवून दुसरीवर बसवायचा धंदा केला की माणसं निघून जातात, किस्से तेवढे घरात साठत राहतात. माझ्याकडे तर माळाभर झालेत.

अठ्ठ्याण्णवच्या सुमारास सांगलीत आमचं ऑफिस होतं. मी, एक फोन आणि माझे बापूमामा. मामा फौजेतनं सुभेदार होऊन रिटायर झालेले. पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपन्यांना मॅनेजर शोधून द्यायचे, हे आमचं काम. मामांना कॉम्प्युटर कुठनं चालू होतो तेही ठाऊक नव्हतं, पण माणूस बरोबर ओळखायचे.

*

एका साहेबांनी मुलाखतीत अर्धा तास इंग्रजीतनं स्वतःचं कौतुक केलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हाताखाली किती माणसं?"

"बारा."

"आन् तुमच्यामुळं सोडून किती गेली?"

साहेब पाणी प्यायले. "बारा ही उरलेली आहेत."

*

कोयनानगरच्या एका इंजिनिअरचा फोन म्हणजे कॉलनीतलं किराणा दुकान. काम गुप्त, म्हणून मी नुसतं 'त्यांना बोलवा' एवढंच म्हटलं.

दुकानदार म्हणाला, "आंघोळीला गेल्यात. पर ते पुण्याला न्हाई यायचे, ताई. बंगलोरवाले पगारासंगं गाडी पण देत्यात."

*

उमेदवाराची चौकशी करायची, पण त्याच्या सध्याच्या कंपनीला वास लागता कामा नये. मामांनी युक्ती काढली. गावात जाऊन सांगायचं, "स्थळ बघायला आलोय." मग पगार, राग, दारू, सगळं लोक आपणहून सांगायचे. एकाबद्दल गावचा न्हावी म्हणाला, "पोरगं लय हुशार, पर दुपारपातूर उठत न्हाई." त्याला आम्ही अमेरिकेचं रात्रपाळीचं काम दिलं.

*

मग पाटणचा विजय. साखर कारखान्याचा कॉम्प्युटर विभाग सांभाळायचा. आम्ही दिलेली दोन माणसं ऐनवेळी पळाली होती, आणि पुण्याच्या एका कंपनीच्या डायरेक्टरनी बजावलं होतं, शनिवारी माणूस पक्का झाला नाही तर आपला संबंध संपला. त्या एका कंपनीवरच आमचं ऑफिस चाललं होतं. मामा पाटणला चौकशी करून आले, म्हणाले, "सोनं हाय."

शनिवारी डायरेक्टर आले. विजयही आला. सोबत आई, वडील, आत्या, एकूण सात जण, जीपनं, नव्या कपड्यात.

मी मामांकडे बघितलं. मामा पंख्याकडे बघत होते. "मुलगी कुणाची इचारलं त्यांनी. तोंडातनं भाची म्हणून गेलं."

मला रागही आला आणि हसूही.

डायरेक्टरनी विचारलं, "पुण्याला यायची तयारी आहे ना?"

विजयचे वडील त्यांना मुलीकडचे वडीलधारे समजून हात जोडून म्हणाले, "आवं, मुलगी तिथं ऱ्हायला तयार आसंल तर पोरगं उद्या जाईल."

विजय खाली मान घालून म्हणाला, "माझंही तेच आहे, सर."

डायरेक्टरना उशिरा उमगलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि माझ्याकडे वळले. "मॅडम, आता तुमच्यावर आहे."

"शैले, व्हय म्हण," मामा पुटपुटले, "ऑफिस वाचतंय."

मी विजयला नीट बघून घेतलं. कान लाल झाले होते बिचाऱ्याचे.

"आधी ऑफर लेटरवर सही होऊ दे," मी म्हटलं. "पोहे मग करते."